अंतराळ कुणाच्या खात्यात येतं? लाडबोरीच्या रिंगपासून दिल्लीतल्या टेबलापर्यंत

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर हेडफोन लावा. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं फारशी बदललेली नाहीत.)



आज सुरुवात एका गावापासून करूया. चंद्रपूर जिल्हा, सिंदेवाही तालुका, गाव लाडबोरी. तारीख २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी आठच्या आसपास आकाशात एकामागोमाग एक जळते पट्टे दिसायला लागले. विदर्भातच नाही, राज्याच्या इतर भागांतही लोकांनी मोबाईल वर करून व्हिडिओ काढले. तुमच्यापैकी काहींच्या व्हॉट्सअॅपवर तेव्हा तो व्हिडिओ आलाही असेल. कुणी उल्का म्हणत होतं, कुणी विमान पडलं म्हणत होतं.

आणि मग लाडबोरीत मोकळ्या जागेवर एक भलीमोठी धातूची रिंग येऊन पडली. दोन-तीन मीटर रुंद, वजन चाळीस किलोच्या वर. सुदैवाने कुणाला लागलं नाही. आसपासच्या भागात आणखीही तुकडे सापडले. पोलीस आले, प्रशासन आलं, नंतर इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तपासणी करून गेले. चीनच्या लाँग मार्च रॉकेटच्या एका जुन्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असं अंतराळातल्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या अभ्यासकांचं म्हणणं होतं.

आता क्षणभर विचार करा. ती रिंग मोकळ्या जागेऐवजी एखाद्या घरावर पडली असती तर? त्या माणसाने जायचं कुठे? तलाठ्याकडे? पोलीस ठाण्यात? इस्रोला फोन लावायचा? की थेट चीनच्या वकिलातीला पत्र लिहायचं?

प्रश्न ऐकायला गमतीशीर वाटतो, पण आजचा अख्खा भाग याच प्रश्नावर आहे. अंतराळाच्या बाबतीत सरकारमध्ये नेमकं कोण ठरवतं, कोण कुणाला विचारतं, आणि काही बिघडलं तर उत्तर कोण देतं?

आधी एक नियम समजून घेऊ

१९६७ साली बाह्य अंतराळ करार झाला. अंतराळाच्या सगळ्या नियमांचा पाया हाच. भारतही त्यात आहे. त्यातलं सहावं कलम फार महत्त्वाचं आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर तुमच्या देशातल्या खासगी कंपनीने जरी अंतराळात काही केलं, तरी जगापुढे जबाबदार तुमचं सरकार. कंपनीला परवानगी देणं आणि त्यानंतरही तिच्यावर लक्ष ठेवणं, दोन्ही सरकारचं काम.

दुसरा करार १९७२ चा, नुकसानभरपाईचा. तुमच्या देशातून उडालेली वस्तू दुसऱ्या देशाच्या जमिनीवर पडून नुकसान झालं, तर तुमची चूक होती की नव्हती हे सिद्ध करायची गरजच नाही. भरपाई द्यायची. आणि ती मागायची एका सरकारने दुसऱ्या सरकारकडे, परराष्ट्र खात्यामार्फत, ठरावीक मुदतीच्या आत.

हे नुसतं कागदावर नाही हं. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. कॅनडाने साफसफाईचा खर्च म्हणून साठ लाख डॉलर मागितले. शेवटी १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली.

म्हणजे लाडबोरीत घर पडलं असतं तर रस्ता असा असता: आधी महसूल खात्याचा पंचनामा, मग जिल्हाधिकारी, मग राज्य सरकार, मग दिल्ली. तिथे तुकडा कुठल्या रॉकेटचा हे अवकाश विभागातल्या तज्ज्ञांनी सांगायचं, आणि मग परराष्ट्र खात्याने समोरच्या देशाशी बोलायचं. एका घराच्या छपरासाठी इतकी खाती! यातली एक कडी जरी सुटली तरी फाइल अडकली.

याच कड्या जोडण्याला समन्वय म्हणतात. शब्द सरकारी आहे, कबूल. पण तो नसला की काय होतं, त्याचं उदाहरण पुढे येतंय.

सुरुवातीला सगळं एकाच टेबलावर

आता थोडं मागे जाऊ. १९६२ साली डॉ. विक्रम साराभाईंच्या अध्यक्षतेखाली अंतराळ संशोधनासाठी एक राष्ट्रीय समिती नेमली गेली. ती होती डॉ. होमी भाभांच्या अणुऊर्जा विभागाखाली. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळमधल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. १५ ऑगस्ट १९६९ ला इस्रोची स्थापना झाली, पण खातं अजून अणुऊर्जेचंच होतं.

डिसेंबर १९७१ मध्ये साराभाई अचानक गेले. त्यानंतर १९७२ मध्ये सरकारने मोठा बदल केला. स्वतंत्र अवकाश आयोग आणि स्वतंत्र अवकाश विभाग तयार झाला, आणि इस्रो त्या विभागाखाली आली. धुरा आली प्रा. सतीश धवन यांच्याकडे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अवकाश विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत येतो. आणि विभागाचा सचिव, अवकाश आयोगाचा अध्यक्ष आणि इस्रोचा अध्यक्ष ही तिन्ही पदं एकाच व्यक्तीकडे असतात. धवनांपासून आजचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांच्यापर्यंत हीच पद्धत.

तीन टोप्या, डोकं एक. का बरं असं केलं?

कारण तेव्हा देशाकडे पैसा कमी होता, माणसं कमी होती आणि वेळही नव्हता. धोरण ठरवणारा, पैसे मागणारा आणि रॉकेट बांधणारा एकच असेल तर फाइल महिनोन्‌महिने फिरत बसत नाही. शास्त्रज्ञाला मध्ये कुणी न घेता पंतप्रधानांशी बोलता येतं. आयोगात इतर खात्यांचे वरिष्ठ अधिकारी बसतात, त्यामुळे पैशाचा निर्णयही तिथेच पुढे सरकतो. ही रचना पुढची कित्येक वर्षं उत्तम चालली, हे मान्यच करायला हवं.

चाळीतला एक नळ

मग आला इन्सॅट. पूर्ण अर्थाने कामाला लागलेला पहिला उपग्रह म्हणजे १९८३ चा इन्सॅट-१बी.

इन्सॅटची गंमत अशी की उपग्रह एक आणि गिऱ्हाइकं अनेक. दूरसंचार खात्याला त्यावरून फोन चालवायचे, दूरदर्शनला कार्यक्रम दाखवायचे, आकाशवाणीला आवाज पोहोचवायचा, आणि हवामान खात्याला वरून ढगांचे फोटो हवेत. चक्रीवादळ येतंय हे मच्छीमारांना आधी कळावं, म्हणून.

चाळीत सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच नळ असेल तर काय करावं लागतं? कुणी किती वाजता किती बादल्या भरायच्या, हे आधी बसून ठरवावं लागतं. नाहीतर रोज सकाळी भांडण. इन्सॅटसाठी तसंच केलं. इन्सॅट समन्वय समिती नेमली. वेगवेगळ्या खात्यांचे सचिव त्यात. उपग्रहावरची कुठली क्षमता कुणाला, हे तिथे ठरायचं.

दिसायला साधी समिती, पण तिच्यामुळे एक सवय लागली: उपग्रह इस्रोने बांधला असला तरी तो एकट्या इस्रोचा नाही.

सवय मोडली की काय होतं? देवासचं प्रकरण

आता येतो तो भाग, जिथे बिल फाडलं गेलं.

इस्रोची व्यापारी शाखा म्हणजे अँट्रिक्स, १९९२ ची कंपनी. जानेवारी २००५ मध्ये अँट्रिक्सने देवास मल्टिमीडिया या कंपनीशी करार केला. इस्रो दोन उपग्रह बांधणार, आणि त्यांची बहुतांश क्षमता देवासला भाड्याने मिळणार. त्यात एस-बँड नावाच्या लहरी होत्या. या लहरी मोबाईल सेवेसाठी मोलाच्या, आणि सैन्यदलांसाठीही.

पुढे काय झालं? महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात जो ठपका ठेवला त्याचा गाभा हा, की उपग्रहाला मंजुरी घेताना मंत्रिमंडळापुढे पूर्ण चित्र ठेवलं गेलं नाही. ज्या कराराखाली क्षमता दिली जाणार होती, तो करार आधीच झालाय ही गोष्टच तिथे नीट सांगितली गेली नव्हती.

तीन टोप्या आठवल्या? ज्या घरात उपग्रह बांधला जातो, त्याच घरात तो भाड्याने देणारी कंपनी, आणि त्यावर देखरेख करणारा विभागही तिथेच. मग बाहेरच्या कुणी मध्येच हात वर करून 'थांबा, हे सैन्याला विचारलंय का?' असं म्हणायचं कसं?

फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने करार रद्द केला. कारण दिलं, या लहरी देशाच्या सुरक्षेसाठी लागणार आहेत. देवास आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली. २०१५ मध्ये लवादाने अँट्रिक्सला ५६ कोटी २५ लाख डॉलर आणि वर व्याज द्यायला सांगितलं. इकडे जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देवास कंपनी गुंडाळण्याचा आदेश कायम ठेवला आणि मुळात सगळा व्यवहारच फसवणुकीचा होता असं म्हटलं. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने लवादाचा निवाडाही रद्द केला. तरी परदेशी न्यायालयांतली वसुलीची लढाई संपली नाही. २०२५ मध्ये हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं!

बरोबर कोण, चूक कोण, यावर तासभर वाद घालता येईल. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. सैन्याला या लहरी हव्यात का, हा प्रश्न २००५ मध्ये सगळ्यांनी एका टेबलावर बसून सोडवला असता, तर २०११ मध्ये करार फाडायची वेळ आली नसती.

ज्याची बॅट तोच अंपायर?

गल्ली क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला हा प्रकार माहीत आहे. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग, आणि आउट आहे की नाही हेही तोच सांगणार. चार मित्र खेळत असतील तोवर चालतं. स्पर्धा भरवायची तर चालत नाही.

आपल्या अंतराळात स्पर्धा सुरू झाली, कारण हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरूमध्ये तुमच्याच वयाच्या इंजिनिअरांनी कंपन्या काढल्या. त्यांना रॉकेट उडवायचं तर परवानगी मागायची कुणाकडे? इस्रोकडे. आणि इस्रो स्वतःही रॉकेट उडवते. अवघड जागेचं दुखणं!

म्हणून २४ जून २०२० ला मंत्रिमंडळाने इन-स्पेस नावाची नवी संस्था मंजूर केली. तिचं मुख्यालय अहमदाबादला. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये 'भारतीय अंतराळ धोरण २०२३' आलं आणि कामाची वाटणी लेखी झाली. ती अशी:

• इस्रो: संशोधन, नवं तंत्रज्ञान, चांद्रयान आणि गगनयानसारख्या मोहिमा. रोजचं उत्पादन हळूहळू उद्योगांकडे द्यायचं.

• इन-स्पेस: परवानगी देणारी खिडकी. खासगी कंपनी असो की सरकारी, अर्ज इथेच. इस्रोच्या सुविधा खासगी कंपन्यांना वापरायला मिळवून देणंही यांचंच काम.

• न्यूस्पेस इंडिया लिमिटेड: २०१९ ची सरकारी कंपनी. उपग्रह, प्रक्षेपण आणि सेवा यांचा व्यापार. वनवेबचे ७२ उपग्रह २०२२ आणि २०२३ मध्ये दोन खेपांत आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटने नेले, तो व्यवहार यांचा.

• अवकाश विभाग: या सगळ्यांवर देखरेख, धोरणाची अंमलबजावणी आणि इतर खात्यांशी समन्वय.

फरक दिसला का? दिसला. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस हे पहिलं खासगी भारतीय रॉकेट श्रीहरिकोटाहून उडालं. मे २०२४ मध्ये अग्निकुलने स्वतःच्या लाँचपॅडवरून रॉकेट उडवलं, आणि ते लाँचपॅड इस्रोच्याच आवारात होतं. २०२४ मध्ये परदेशी गुंतवणुकीचे नियमही सैल झाले. उपग्रह बनवणं आणि चालवणं यात ७४ टक्के, रॉकेटमध्ये ४९ टक्के आणि सुट्या भागांमध्ये १०० टक्क्यांपर्यंत सरकारची वेगळी मंजुरी न घेता पैसा आणता येतो.

गडचिरोलीत इंटरनेट यायचं तर किती दारं ठोठवायची?

हे सगळं दिल्ली-बेंगळुरूचं वाटत असेल, तर आपल्याकडे येऊ. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशा जिल्ह्यांतल्या दूरच्या ठिकाणी उपग्रहावरून इंटरनेट न्यायचा विचार आहे.

आता अशी सेवा सुरू व्हायला काय काय लागतं बघा. सेवा द्यायचा परवाना दूरसंचार विभागाकडून. आपल्या देशावर उपग्रहाची क्षमता वापरायची परवानगी इन-स्पेसकडून. स्टारलिंकला या दोन्ही गोष्टी २०२५ च्या मध्यावर मिळाल्या. पण मग लहरी? त्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार लिलाव न करता सरकार ठरवून देणार. त्यांचा दर किती असावा, ही शिफारस ट्राय करणार. सुरक्षेच्या अटी वेगळ्या, त्यात गृह खात्याचा आणि सुरक्षा यंत्रणांचा शब्द मोलाचा. आणि राज्य सरकार? त्याच्याकडे यातला एकही परवाना द्यायचा अधिकार नाही. ते फक्त म्हणू शकतं, 'आम्हाला हवंय, शाळा आणि आरोग्य केंद्रं आम्ही जोडून घेऊ.'

म्हणून राज्याने सही केल्याची बातमी वाचली की लगेच 'उद्या डिश लागणार' असं समजू नका. सही हा पहिला दरवाजा. आतमध्ये बरेच आहेत, आणि त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत.

दरवाजे जास्त असणं वाईटच, असंही नाही. आपल्या सीमेवर कुणाचा उपग्रह काय करतोय, हे तपासायलाच हवं. त्रास तेव्हा होतो, जेव्हा कुठल्या दरवाज्यावर किती दिवस थांबायचं हेच कुणी सांगत नाही.

मग अडलंय कुठे?

दोन ठिकाणी.

एक. अंपायर वेगळा झाला, पण राहतो त्याच घरात. इन-स्पेसचा अध्यक्ष वेगळा असतो. पहिले अध्यक्ष पवन गोयंका तर उद्योगक्षेत्रातून आले. पण संस्था आहे अवकाश विभागाखालीच. आणि विभागाचा सचिव कोण? इस्रोचे अध्यक्ष. उद्या एखाद्या कंपनीचा आणि इस्रोचा वाद झाला, तर अंपायरला मोकळेपणाने बोट वर करता येईल ना? आज चांगली माणसं आहेत म्हणून काम होईल. पण व्यवस्था माणसाच्या चांगुलपणावर सोडायची नसते.

दोन, आणि हे जास्त मोठं. आपल्याकडे धोरण आहे, कायदा नाही. अंतराळ कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. हा भाग रेकॉर्ड करेपर्यंत असा कायदा संसदेत मंजूर झालेला नाही. धोरण म्हणजे सरकारने 'आम्ही असं वागू' असं सांगणं. पुढचं मंत्रिमंडळ ते बदलू शकतं. कायदा असला की नियम मोडणाऱ्याला शिक्षा होते, आणि अन्याय झालेल्याला कोर्टात दाद मागता येते. इन-स्पेसने २०२४ मध्ये परवानगीचे सविस्तर नियम काढले, त्यामुळे काम सोपं झालं हे खरं. तरी त्यांच्यामागे अजून संसदेचा कायदा उभा नाही.

आता सुरुवातीचा करार आठवा. खासगी रॉकेटने परदेशात नुकसान केलं तर पैसे भारत सरकार देणार, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. मग त्या कंपनीकडून किती वसूल करायचं? विमा किती रकमेचा हवा? एका मर्यादेनंतर सरकार भार उचलणार का? आणि नुकसान आपल्याच देशातल्या शेतकऱ्याचं झालं तर? आंतरराष्ट्रीय करार तर देशादेशांमधला आहे, त्यात स्वतःच्या नागरिकाचा प्रश्न बसत नाही. ही उत्तरं कायद्याने द्यायची असतात.

दुसरे काय करतात?

अमेरिकेत रॉकेट उडवायचा परवाना विमान वाहतूक प्रशासन देतं, लहरींचा परवाना दळणवळण आयोग देतो. नासा यात परवाना देणारी नाहीच. त्यामुळे खेळाडू आणि अंपायर वेगळे आहेत. पण खाती इतकी, की ती एकमेकांना धक्के देतात. म्हणून १९८९ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये उपराष्ट्राध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय अंतराळ परिषद बसवली. मध्ये चोवीस वर्षं ती बंदच होती. म्हणजे वरच्या माणसाला रस असला की टेबल मांडलं जातं, नसला की उचललं जातं.

आपली अडचण नेमकी उलटी आहे. टेबल कायम आहे, पण बरीच वर्षं त्यावर एकाच घरातली माणसं बसत होती. आता खुर्च्या वाढल्यात. कोणती खुर्ची कुणाची, हे कायद्यात लिहायचं तेवढं बाकी आहे.

जाता जाता

चांद्रयान-३ उतरलं तेव्हा २३ ऑगस्ट २०२३ ला आपण सगळे स्क्रीनला चिकटून बसलो होतो. तो आनंद खराच. पण पुढच्या वेळी अंतराळाची बातमी आली की टाळ्या वाजवून झाल्यावर तीन प्रश्न विचारा: परवानगी कुणी दिली? चुकलं तर पैसे कोण देणार? आणि हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

तुमच्यातले काही जण उद्या उपग्रह बनवतील, काही जण सरकारी खुर्चीत बसतील, आणि काही जण लाडबोरीसारख्या गावात अंगणात खाट टाकून आकाश बघत असतील. या प्रश्नांची उत्तरं तिघांनाही लागणार आहेत.

आजच्यापुरतं एवढंच. गुढीपाडव्याच्या त्या संध्याकाळी ते जळते पट्टे तुम्ही स्वतः पाहिले असतील, तर कुठून आणि काय दिसलं ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक अनुभव पुढच्या भागात ऐकवू. तोवर ऐकत राहा, आणि हो, प्रश्न विचारत राहा!